न फोडलेली ढेप

चिकाच्या ढेपेत दगड घालायची खोड ग्वातेमालातल्या पेतेनच्या रानात पणजोबांपासूनची. रानचिकूच्या खोडावर कोयत्याने तिरके वार करायचे, गळणारा पांढरा चीक पिशवीत धरायचा, कढईत आटवायचा आणि लाकडी साच्यात ओतून ढेप पाडायची. च्युइंगमच्या कारखान्यांना ढेप वजनावर जाते. मुठीएवढा धोंडा आत गेला तर रानात बघतंय कोण? बघायचा तो धावपट्टीवरचा मुकादम. विमानात माल चढण्याआधी तो हातात कोयता घेऊन बसे आणि प्रत्येकाची ढेप मधोमध फोडून मगच तराजूवर ठेवी.

नासारियो तेसुकुनची ढेप तेवढी फोडत नसत. प्रत्येक चीकवाल्याचा आपला शिक्का असे, ढेप ओली असतानाच तो वर दाबायचा. नासारियोचा शिक्का वर्तुळात तीन ठिपके. तो दिसला की मुकादम कोयता बाजूला ठेवी आणि म्हणे, ही जाऊ द्या. पुढे चिकाचा धंदा बसला, धावपट्टीवर गवत माजलं, मुकादम केव्हाच मरून गेला. पण सरोवरकाठच्या त्या गावात अजूनही एखाद्याच्या खरेपणाची हमी द्यायची झाली की लोक म्हणत, तेसुकुनची ढेप आहे, फोडायचं कारण नाही.

नासारियोला जाऊन चार महिने झाले होते. त्याची मुलगी एदेल्मिरा शोक करत होती तो कामातून. पहाटे उठायची, आईच्या हातची मक्याची भाकरी आणि काळा घेवडा खायची आणि दोन दिवसांची वाट तुडवत पाहुण्यांना रानातलं माया लोकांचं जुनं, ओसाड शहर दाखवायला न्यायची. त्रेचाळीस वर्षांची होती. ग्वातेमालाच्या राजधानीत दोन वर्षं शिकून आली होती, माया राजांच्या शिळांवर लिहिलेली सगळी पुस्तकं मिळतील तशी वाचत होती, आणि तिचं ठाम मत होतं की त्यातलं निम्मं तिच्या बापाला न वाचताच ठाऊक होतं.

त्या शहराचं खरं नाव अजून कुणाला लागलेलं नाही. चीकवाल्यांनी पहिल्या संध्याकाळी तिथे दोन रानटर्की मारल्या म्हणून ते 'दोस पावोस', दोन टर्की. नकाशावरही तेच. नासारियो तिथे चाळीस वर्षं पहारेकरी होता. सुरुवातीला तर पावसाळ्यात चीक काढायचा आणि त्याच रानात पहाराही करायचा. आता स्मारकांच्या कचेरीने आणि गावच्या समितीने मिळून ठरवलं होतं की शहरात त्याच्या नावाची शिळा बसवायची. तिच्यावरचा मजकूर एदेल्मिराने लिहावा असंही ठरलं. तीन आठवडे तिने शब्द घासले. शेवटी दोनच ओळी उरल्या: 'नासारियो तेसुकुन. प्राण पणाला लावून याने हे शहर राखले.'

प्राण पणाला लावल्याची हकिगत पाहुण्यांना ती दर खेपेला सांगे. चौकाच्या कडेला एक महोगनीचं झाड होतं. यादवी युद्धाच्या दिवसांत, ती आठ वर्षांची असताना, एका दुपारी बंदुका घेतलेली माणसं आली. त्यांनी नासारियोला त्या झाडाशी बांधलं, दक्षिणेच्या वाड्यात राणीच्या दगडी बैठकीवर जी बारा चित्राक्षरं होती ती पहारीने काढली आणि घेऊन गेले. दीड दिवस तो उपाशी, तहानलेला तसाच उभा होता. पाय चालत होते तोवर नासारियो स्वतः तिच्याबरोबर यायचा. ती गोष्ट सांगू लागली की तो हात पाठीमागे नेऊन खोडाला टेकून उभा राहायचा, पाहुणे फोटो काढायचे. सतरा वर्षं ती हे सांगत आली होती आणि एकदाही त्याने तिचा एक शब्द दुरुस्त केला नव्हता.

दक्षिणेच्या वाड्यात मात्र तो कुणाला जाऊ देत नसे. छत तडकलंय, म्हणायचा, कुणाच्या तरी डोक्यात पडेल. तीही कधी उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. यंदा कचेरीच्या इंजिनियराने आत लाकडी टेकू दिले, छत भक्कम आहे असा निर्वाळा दिला, आणि बापाची शिळा त्या राणीच्या दालनातच बसवायची ठरली. जागेची मापं घ्यायला एदेल्मिराने जायचं होतं. पाहुण्यांची नेहमीची वाट पाण्याखाली होती; दलदलीतून तिकडची जुनी वाट ठाऊक असलेला जिवंत माणूस आता एकच होता, आणि नेमका तो तिला नको होता.

सिरिलो उएश त्या काळात नासारियोचा जोडीदार, दुसरा पहारेकरी. उमेदीत एकदा त्याच्या ढेपेत दगड निघाला होता. मग चित्राक्षरं चोरीला गेली तेव्हा लोकांनी फार डोकं चालवलं नाही. चोरीच्या दिवशी तो नेमका गावात होता; चोरांना वाट याच्याशिवाय कोण दाखवणार? पुरावा मिळाला नाही, पण नोकरी गेली आणि कचेरीच्या कागदात संशयित म्हणून नाव बसलं. पस्तीस वर्षं झाली तरी दुकानाच्या पायरीवर कुणी ना कुणी विचारायचंच, काय सिरिलो, आज किती दगड? तोही म्हणायचा, तुझ्या टाळक्यात आहेत त्याहून कमी.

एदेल्मिरा लहानपणापासून त्याला काका म्हणे, कारण वयाने मोठ्या माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं. पण त्याने दिलेलं संत्रं तिने कधी खाल्लं नव्हतं.

दोघं सकाळी निघाले, बरोबर एक खेचर. सिरिलो शहात्तर वर्षांचा, पण दलदलीत मुळांवर पाय देत बगळ्यासारखा चालत होता. वाटभर त्याची बडबड. गोचिडांना तो आपले सोयरे म्हणत होता, मेल्यांना दुसरं घरच नाही. मध्येच थांबून म्हणाला, "बापासारखीच चालतेस, पोरी. नजर लांबवर. साप खाली असतो."

 बापाचं नाव त्याच्या तोंडी तिला आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास ते शहरात पोचले. ही वेळ तिची आवडती. ऊन तिरपं असतं आणि शिळांवरच्या झिजलेल्या रेघा तेवढ्या घटकेपुरत्या वर येतात. राजाच्या शिरपेचातली पिसं, बंदिवानाचा वाकलेला गुडघा, तारखेचे ठिपके आणि आडव्या रेघा. आठ वाजता पुन्हा नुसता दगड. चौकात तीन शिळा, दोन उभ्या, एक पालथी. पालथीच्या पोटाखाली काय कोरलंय ते कुणी पाहिलेलं नाही. उत्तरेचं देऊळ पायथ्यापासून झाडांनी धरलेलं, माथ्यावर आरडाओरड करणारी वानरं. बापाशिवाय ती पहिल्यांदाच पाहुणे नसताना इथे आली होती. चेंडूच्या मैदानाच्या उतरत्या भिंतीला तिने सवयीने हात लावला. बाबा लावायचे.

दक्षिणेच्या वाड्यापाशी सिरिलो बाहेरच पायरीवर बसला. माप धरायला आत या म्हटलं तर म्हणाला, वटवाघळांचा आणि माझा जुना वाद आहे.

दालन अरुंद, वर निमुळतं होत गेलेलं छत. भिंतीलगत बैठक, आणि तिच्या दर्शनी कडेला बारा चौकोनी खळगे, दात पाडलेल्या जबड्यासारखे. जुन्या एका फोटोत यातली सात चित्राक्षरं दिसत होती. राणी या दिवशी बैठकीवर बसली, इथपर्यंत विद्वानांना लागलं होतं. पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. एदेल्मिराने भिंतीची लांबी घेतली, उंची घेतली. मग बैठकीच्या टोकाला कोनाड्यात ढासळलेला भराव होता तो काढू लागली, शिळा तिथे मावेल का पाहायला.

भरावाखाली एक करडा चौकोनी ठोकळा होता. तिला वाटलं कोपऱ्याचा दगड. कोयत्याने ढोसला तर टोक आत रुतलं. तिने वरचा थर खरवडला. आत मधाच्या रंगाचा चीक, आणि एक गोडसर, धुराचा वास, जो तिने वीस वर्षांत घेतला नव्हता. पावसाळा संपल्यावर बाबा रानातून परत यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला, केसांना, झोळीच्या दोऱ्यांना हाच वास असायचा. बाह्यांनी पुसता पुसता वर्तुळ दिसलं. मग तीन ठिपके.

ती तिथेच खाली बसली. बाबा गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती आणि आताही आवाज न करता रडली, त्या ढेपेवर हात ठेवून. बाबांची ढेप. त्यांच्या हातची, त्यांच्या शिक्क्याची, कुणी न फोडलेली. घरी नेऊन आईला दाखवायची, मग त्यांच्या फोटोखाली ठेवायची, इथपर्यंत तिचं ठरलंही. डोळे पुसून तिने हाक मारली, "काका, बघा काय सापडलं."

सिरिलो आत आला. वटवाघळांचं काही बोलला नाही. ढेपेकडे त्याने एकदाच पाहिलं, मग दाराकडे.

"राहू दे तिथेच," तो म्हणाला. "जुना चीक. हातात धरवत नाही, चुरा होतो."

"नेणार आहे मी."

"दोन दिवसांची वाट आहे, पोरी. खेचर आधीच कुरकुरतंय."

तिने ढेप उचलली आणि तिचे हात थांबले. चीकवाल्याची मुलगी होती ती. एवढ्या आकाराची ढेप किती जड असते ते तिच्या हातांना आठ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. ही जड होती. तिने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. सिरिलो म्हणाला, एदेल्मिरा. एवढंच म्हणाला. तिने कोयता उलटा धरला आणि पाठीने ढेपेच्या मधोमध घाव घातला, धावपट्टीवर मुकादम घालायचा तसा.

ढेप दोन फाकांत उघडली. आत नेहमीचा मुठीएवढा धोंडा नव्हता. आत तळहातापेक्षा मोठा, नीट कापलेला चौकोनी दगड होता, आणि त्याच्यावर कोरलेला एक डोळा. डोळ्यातून दोन रेघा पुढे निघालेल्या. खाचांत तांबडा रंग अजून होता. तिला तो शब्द वाचता येत होता. त्याचा अर्थ, पाहिलं.

दगड तिने पहिल्याच खळग्यात धरून पाहिला, बसला नाही. आठव्यात बसला.

 मग तिने विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का. सिरिलो बैठकीच्या कडेला टेकला आणि सांगू लागला, जणू दुसऱ्या कुणाचीतरी गोष्ट. त्या दिवशी मीठ संपलंय म्हणून नासारियोने त्याला गावात पिटाळलं. मीठ संपलं नव्हतं, पिशवी झोळीखाली होती, ती त्याला नंतर दिसली. परत आला तर नासारियो महोगनीला बांधलेला. धावत जाऊन गाठ सोडायला हात घातला आणि हात तसाच राहिला.

"गाठ आपली होती गं. झाडावर चढताना दोर खोडाभोवती टाकतो आणि कमरेशी आपली आपणच मारतो, ती. मागे हात नेऊन एका हाताने ओढायची. दुसऱ्याला बांधायला ती गाठ कोण मारेल? मी सोडली. तो म्हणाला, बंदुका होत्या सिरिलो. मी म्हटलं, हो का."

"आणि दगड?"

"चोर नव्हतेच तर दगड गेले कुठे, हे मलाही वर्षभर कळलं नाही. मग एकदा धावपट्टीवर उभा होतो. माझ्या ढेपा फोडल्या, दुसऱ्यांच्या फोडल्या. त्याच्या आल्या आणि मुकादमाने कोयता खाली ठेवला. तेव्हा कळलं. एकेक करून गेले ते. कुणाला पोचत होते ते देव जाणे. हा एक राहिला असेल. धंदा बसला, विमान बंद झालं, आणि मग आपल्याच शहरातून आपल्याच मालाला वाट उरली नाही त्याला."

तिने विचारलं, मग बोलला का नाहीत. आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढा निघाला, वर छताला वटवाघळं हलली.

"कुणाला बोलू? ज्याच्या ढेपेत दगड निघाला तो मी. ज्याची ढेप कुणी फोडत नाही तो चोर आहे, हे मी सांगायचं?" तो जरा हसला. "आणि दर सुगीला माझ्या दारात मक्याचं एक पोतं यायचं. नासारियो पहाटे ठेवून जायचा, हाक न मारता. पहिल्या वर्षी मी त्याला दोन दिवस शिवलो नाही. तिसऱ्या दिवशी पोरं भुकेली होती. एकदा खाल्लं की मग कशाला बोलायचं?"

एदेल्मिराच्या मनात आलं, हात पाठीमागे नेऊन बाबा त्या झाडाला टेकायचे. किती नीट टेकायचे. कधी एखादा पाहुणा विचारायचा, गाठ कशी होती हो, आणि ते म्हणायचे, मुलगी सांगेल. तिने सांगितलं होतं. प्रत्येक वेळी मनापासून. चोरी त्यांनी एकदा केली होती. खोटं मात्र सतरा वर्षं तिच्या तोंडून वदवून घेतलं होतं आणि शेजारी उभं राहून ऐकलं होतं.

"मी कचेरीत सांगणार आहे," ती म्हणाली.

"कशाला? माझं नाव धुवायला? या वयात धुऊन घालू कुठे? मेलेल्या माणसाला मारू नये, पोरी. आणि जिवंत आहेत त्यांना असलं ऐकायचं नसतं."

 दगड तिने शालीत गुंडाळून पाठीवर बांधला. ढेपेच्या फाका तशाच खेचरावर घातल्या. परतीच्या वाटेवर सिरिलो दोन दिवस गोचिडांबद्दलही काही बोलला नाही.

घरी पोचली तेव्हा आई चुलीपाशी मक्याची भाकरी थापत होती. एदेल्मिराने शाल सोडली आणि दगड टेबलावर ठेवला. आई काय काय विचारेल त्याची उत्तरं तिने वाटेत जुळवून ठेवली होती. हे काय आहे, कुठे सापडलं, कुणाचं आहे. आईने पिठाचे हात झटकले, दगडाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा राहिला होता होय?"

एदेल्मिरा उभीच राहिली.

बेनिताला, तिच्या आईला, आपण काय बोललो ते कळायला क्षण लागला. मग तिने पीठ पुन्हा हातात घेतलं. नंतर बरंच बोलली, भाकरी थापत, वर न बघता. ते दिवस कसले होते, गावातली माणसं उचलून नेत होते, नासारियो म्हणाला होता की हे दगड एका माणसाला पोचले तर आपल्या दाराशी कुणी येणार नाही. तो माणूस कोण, बेनिताने विचारलं नाही. खरं होतं का, तेही नाही. दाराशी कुणी आलं नाही हे मात्र खरं. एदेल्मिराने सिरिलोचं विचारलं. त्याच्या दाराशी लोक रोज येत होते, दगड विचारायला, त्याचं काय. आईने भाकरी उलटवली. म्हणाली, त्याला मका जात होता.

"तू मला तेव्हा सांगितलं होतंस, त्याच्या हातचं काही खाऊ नकोस."

"लहान होतीस तू. कुठेतरी बोलली असतीस."

त्या रात्री जेवण झालं, पण दोघी वेगवेगळ्या जेवल्या.

समितीचा अध्यक्ष ओविदियो तिच्याच वयाचा, वर्गातला. त्याला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिच्या दुःखाबद्दल बोलू लागला. म्हणाला, चार महिनेच झालेत, तू थकली आहेस. सिरिलोबरोबर एकटीने तिकडे जायलाच नको होतं. शिक्का काय, कुणीही कोरेल. त्यानेच ढेप तिथे ठेवली असणार, तुझ्या बापावर डाव साधायला. तिने विचारलं, पस्तीस वर्षांपूर्वीचा चीक आज कुठून आणेल? ओविदियो म्हणाला, ज्याला दगड घालता येतो त्याला सगळं येतं. शिळा कापून झाली आहे, अक्षरं पाडायला उद्या द्यायची आहेत, पाहुणे ठरलेत. तू फक्त गप्प राहा, बाकीचं आम्ही बघतो.

बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं की तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. साऱ्या गावाला तसंच वाटणार होतं. तिच्या बापाने ते घरोघर इतकं नीट बसवून ठेवलं होतं की ती मुलगी असूनही तिच्याने ते आता उपटणार नव्हतं. कागदावर मात्र उपटता येत होतं. तिथे सिरिलोचं नाव होतं.

सोमवारी ती सिरिलोला घेऊन सरोवराच्या पलीकडच्या कचेरीत गेली. तो येत नव्हता. नावेत बसवताना तिला त्याचा हात धरावा लागला. कचेरीत तो आत आला नाही. बाहेरच्या बाकावर बसून खिशातलं संत्रं सोलू लागला. एक फोड त्याने तिच्यापुढे धरली. तिने घेतली आणि खाल्ली, आंबट होती.

आत एक तरुण कारकून बाई होती. दगड पाहून ती उठून उभी राहिली, वरिष्ठांना बोलावून आणलं, वजन झालं, फोटो झाले. मग जबाब. नाव, वय, धंदा. ढेप कुठे सापडली. शिक्का कुणाचा. बाईने टंकता टंकता विचारलं, "आरोप ज्याच्यावर आहे त्याच्याशी तुमचं नातं?"

"मुलगी."

बाईची बोटं थांबली. तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की मग सक्ती नाही. सख्ख्या माणसाविरुद्ध बोलायला कायदा कुणाला भाग पाडत नाही. जबाब इथेच थांबवता येईल, दगड सापडला एवढंच लिहू, बाकीचं राहू द्या. दगड तर मिळालाच आहे.

एदेल्मिराने कागदाकडे पाहिलं. पाहुण्यांना सांगायची तशीच तिने ती दुपार सुरुवातीपासून सांगायला घेतली. ऊन, चौक, झाड, पहारीचा आवाज. या वेळी बंदुका नव्हत्या आणि मिठाची पिशवी होती. गाठ कशी मारतात हेही तिने सांगितलं, बाईला कळेना म्हणून खुर्चीच्या पाठीभोवती आपल्याच शालीने मारून दाखवली. आई काय म्हणाली तेही सांगितलं. ते सांगताना मात्र ती खिडकीबाहेर पाहत होती.

नियमाप्रमाणे बाईने सगळं वाचून दाखवलं. परक्या आवाजात ते लहान वाटलं, दीड पानाचं. खाली सहीची जागा होती. तिथल्या रीतीने सही पूर्ण करायची असते, आधी बापाचं आडनाव, मग आईचं. तिने लेखणी घेतली आणि सावकाश, एकही अक्षर न गाळता लिहिलं: एदेल्मिरा तेसुकुन चायाश.